खाजकुयलीत ‘हॅपी हार्मोन’?

नमस्कार मंडळी! ही वेल बघा, पण लांबूनच हं. शेंगा वालासारख्या, वर सोनेरी-तपकिरी लव, मखमलच जणू. हीच ती खाजकुयली, कोणी कुहिली म्हणतं, संस्कृतात कपिकच्छू, म्हणजे माकडालासुद्धा खाजवायला लावणारी. थंडी सरता सरता शेंगा वाळतात, लव वाऱ्यावर उडायला लागते आणि मग गुराखी असो नाहीतर पुण्याहून आलेला ट्रेकर, नुसता नाच! आमच्या शाळेत एकाने ही कुसं मास्तरांच्या खुर्चीवर टाकलेली, कोणी ते नाही सांगणार.

आता गंमत ऐका. १९५४ साली संशोधकांना या कुसांत सेरोटोनिन सापडलं. हो तेच, ज्याला रील्सवाले हॅपी हार्मोन हॅपी हार्मोन करतात ते! त्याचं केमिस्ट्रीतलं नाव ५-हायड्रॉक्सिट्रिप्टामिन, म्हणजे ट्रिप्टामिन घराण्यातलं, आणि हे घराणं निघतं ट्रिप्टोफॅनपासून, जे आपल्या दुधात-डाळीत असतंच. रात्री झोपेची वेळ सांगणारं मेलाटोनिन तर सेरोटोनिनपासूनच बनतं.

मग खाज सेरोटोनिनमुळेच का? तसं वाटेल खरं, पण १९५५ मध्ये शेली आणि आर्थर या संशोधकांनी दुसराच चोर पकडला, म्युक्युनेन नावाचं प्रथिनं कापणारं एन्झाइम. ही खाज हिस्टामिनच्या (ॲलर्जीत खाज आणणारं शरीरातलं रसायन) वाटेने जात नाही, त्यामुळे ॲलर्जीची गोळी घेऊन फारसा उपयोग होत नाही. आणि चोळू तर अजिबात नका, कुसं अजून आत घुसतात, त्यापेक्षा चिकटपट्टी लावून उपटून काढा.

गांधीलमाशीच्या विषातही सेरोटोनिन असतं, आणि तिथं त्याचं काम दुखवायचं! आपल्या शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन मेंदूत नाही, पोटात असतं, आतड्यांची हालचाल सांभाळत. त्यामुळे हॅपी-बिप्पी म्हणणं मला जरा अतीच वाटतं.

केळ्यातही ते भरपूर आहे, पण म्हणून डझनभर केळी खाऊन मूड सुधारेल असं नाही, कारण खाल्लेलं सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरतच नाही. लघवीच्या रिपोर्टमध्ये मात्र दिसतं! आतड्यातल्या एका प्रकारच्या ट्यूमरसाठी लघवीत सेरोटोनिनचा उरलेला अंश मोजतात, त्या टेस्टच्या आधी दोन-तीन दिवस केळी, अननस, अक्रोड बंद ठेवायला सांगतात, नाहीतर धडधाकट माणसाचा रिपोर्ट गडबडलेला येतो आणि घरात उगाच रडारड.