जिवंत कोंबडीचा तोटा

(सोलापुरात अंडी उत्पादकांसमोर झालेल्या भाषणाचं शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘विषाणूजन्य रोग आणि लेअर फार्मचं, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांच्या फार्मचं, अर्थकारण’. अर्थकारणावर येतोच. आधी माझ्या राखणदाराची माफी मागायची राहिलीय, ती मागून घेतो.

माझी एक बॅच 24 आठवड्यांची झाली होती. तुरे लालबुंद, अंगानं भरलेल्या, मरतूक जवळपास नाहीच. खाद्य बरोबर संपायचं, पण ट्रे भरेनात. या वयात उत्पादन रोज चढायला हवं, ते निम्म्यावर अडकलं. मी ठरवून टाकलं, रात्री अंडी बाहेर जातायत. आता कोंबडी अंडं घालते सकाळी, आणि दुपारीच आम्ही गोळा करतो. पण संशयाला एवढा हिशेब कुठला सुचायला? शेडमध्ये मुक्काम ठोकला. अंगावर आपली सोलापुरी चादर, हातात बॅटरी. हसू नका, तुमच्यातल्या निम्म्यांनी हेच केलं असतं! चार रात्रींत चोर सापडला नाही, नाकात अमोनिया तेवढा बसला. पाचव्या दिवशी राखणदार काम सोडून गेला.

मग अंडी उचलणाऱ्या मावशी म्हणाल्या, “दादा, ह्या पिंजऱ्यात तिघीजणी, पण अंडं रोज एकच. आणि ही बया बघा की, कशी ताठ उभी राहते.” उचलली, तर पोट पखालीसारखं डुचमळलं. डॉक्टरांनी फाडून दाखवली. बलक तयार होत होता, पण अंडनलिकेच्या जागी पाण्यानं फुगलेली पिशवी. पिल्लं आठवडाभराची असताना शिंकत होती, आम्ही म्हटलं गारठा आहे. तो इन्फेक्शस ब्रॉन्कायटिस होता, कोंबड्यांच्या श्वासनलिकेचा विषाणूजन्य रोग. शिंका थांबल्या, नळी मात्र जन्माची बाद. अशा कोंबडीला ‘फॉल्स लेअर’ म्हणतात, अंडी देण्याचं नुसतं सोंग करणारी. मावशींचा शब्द ‘नटवी’, तो मला जास्त पटतो.

मेलेली कोंबडी आपण मोजतो, कारण ती उचलून पुरावी लागते. नटवी मोजत नाही.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, भराभर सांगतो.

दहा हजार पक्षी, दिवसाला 110 ग्रॅमनं 11 क्विंटल खाद्य. उत्पादन 90 टक्के असेल तर 9,000 अंडी, म्हणजे अंड्यामागे 122 ग्रॅम. तेच 60 टक्क्यांवर आलं की 6,000 अंडी आणि 183 ग्रॅम. मक्याचा भाव तोच, एकही कोंबडी मेली नाही, आणि अंड्यामागचं खाद्य दीडपट! ब्रॉन्कायटिस, अंडी एकदम घटवणारा एग ड्रॉप सिंड्रोम, लस दिलेल्या कळपातली सौम्य रानीखेत, तिन्ही विषाणूजन्य रोगांचा धंदा हाच. वर सुरकुतलेली, पातळ कवचाची अंडी व्यापारी बाजूला काढतो ते वेगळंच.

बर्ड फ्लू. 2006 साली नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला कोंबड्या मारल्या, आणि रोग नव्हता तिथेही लोकांनी अंडं खाणं सोडलं. श्रावण नसताना श्रावण! भरपाई मिळते ती आदेशानं मारलेल्या पक्ष्याची. आधी मेलेल्याची नाही, रिकाम्या शेडची तर नाहीच. नवी पिल्लं आणली तरी पहिलं अंडं 18-20 आठवड्यांनी. कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला.

दुसरी चिठ्ठी. लसीबद्दल एकच: लासोटा, म्हणजे रानीखेतची लस, पाण्यातून देता, त्या पाण्यातलं क्लोरीन लस मारतं, म्हणून त्यात दुधाची पावडर घालायची असते. ती पावडर कुणाच्या चहात जाते, हे चहापानाच्या वेळी बोलू.