झेंड्यापर्यंत जायलाच हवं का?

[दृश्य: रात्र. अंधाऱ्या खोलीत लॅपटॉपचा उजेड. पडद्यावर एक पांढरा छोटा प्राणी.]

चार घरं डावीकडे. थांबा. परत चार घरं उजवीकडे. गेले चार दिवस हा पांढरा प्राणी एवढंच करतोय, कारण गेले चार दिवस मला दुसरं काही सुचलेलं नाही.

याचं नाव बाबा. खेळाचं नाव 'बाबा इज यू'. फिनलंडच्या आर्वी तेइकारी यांनी बनवलेला हा खेळ मार्च २०१९ मध्ये आला. पहिल्यांदा ही अक्षरं पडद्यावर उमटली तेव्हा माझे वडील चहाचा कप घेऊन मागे उभे होते. त्यांनी ती मोठ्याने वाचली आणि विचारलं, "बाबा म्हणजे तू? मग मी कोण गं?"

तेव्हापासून आमच्या घरात हा खेळ दोघांचा आहे. बटणं मी दाबते. बाबा बघतात.

[दृश्य: खेळातली एक सोपी लेव्हल. शब्दांचे ठोकळे.]

या खेळात नियम पडद्यावरच मांडलेले असतात, शब्दांच्या ठोकळ्यांनी. 'वॉल इज स्टॉप' असे तीन ठोकळे ओळीत आहेत, म्हणून भिंत अडवते. यातला एक ठोकळा ढकलून ओळीबाहेर काढला की नियम मोडतो आणि त्याच भिंतीतून आरपार चालत जाता येतं. 'फ्लॅग इज विन' आहे तोवर झेंड्याला शिवलं की जिंकलो. 'रॉक इज पुश' असेल तर दगड ढकलता येतो. ओळी डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली वाचल्या जातात. संपलं. सुरुवातीला एवढंच शिकायचं असतं, आणि याच पायावर दोनशेहून जास्त लेव्हल्स उभ्या आहेत.

या खेळाचं बीज २०१७ साली कोपनहेगनच्या 'नॉर्डिक गेम जॅम'मध्ये पडलं. तिथे ठरलेल्या मुदतीत खेळ बनवायचा असतो. विषय होता 'नॉट देअर', आणि तेइकारींनी त्यातल्या 'नॉट'कडे तर्कातला शब्द म्हणून पाहिलं.

[दृश्य: तीच अडकलेली लेव्हल. पांढरा बाबा पुन्हा डावीकडे.]

अडकल्यावर माणूस काय करतो, ते मी स्वतःवरून सांगते. आधी तीच चाल पुन्हा करते. मग तीच चाल जरा जोरात बटणं दाबून करते. मग खेळातच काहीतरी चुकलंय अशी शंका येते. आणि रात्री एकच्या सुमाराला, घर झोपलेलं असताना, शंका खेळावरून उठून माझ्यावर येऊन बसते. सगळ्यांना जमलं असेल. माझ्याच डोक्यात काही नाही.

ही शेवटची पायरी मला फार जुनी वाटते. शाळेत गणिताच्या पेपरात एखादं उदाहरण अडलं की बाई सांगायच्या, "सोड ते, पुढचं घे, वेळ जातोय." परीक्षेसाठी सल्ला बरोबरच होता. पण त्यातून अडणं म्हणजे मार्क जाणं असं जे मनात बसलं, ते पंधरा वर्षांनीही उठायला तयार नाही. इथे पेपर नाही, घड्याळ नाही, तपासायला कुणी नाही, तरी हाताला घाम येतो.

[दृश्य: टेबलावर पाण्याची तीन भांडी. लहान, मोठं, अगदी छोटं.]

१९४२ साली अब्राहम लुचिन्स या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. तीन भांडी. पहिल्यात २१ मापं पाणी मावतं, दुसऱ्यात १२७, तिसऱ्यात ३. मोजायचंय बरोबर १००. उत्तर असं: मोठं भांडं भरा, त्यातून २१ एकदा काढा, ३ दोनदा काढा. राहिले १००. पुढची उदाहरणंही याच युक्तीने सुटणारी. एक सुटलं, दोन सुटली, हात बसला.

मग त्यांनी भांडी दिली २३, ४९ आणि ३ मापांची. हवेत २०. जुनी युक्ती इथेही चालते: ४९ मधून २३ गेले, दोनदा ३ गेले, उरले २०. लोकांनी तेच केलं. पण २३ मधून फक्त ३ काढले तरी २० च उरतात! समोर पडलेलं हे उत्तर पुष्कळांना दिसलंच नाही. त्यानंतर आली २८, ७६ आणि ३ ची भांडी, हवेत २५. इथे जुनी युक्ती लागू पडत नाही, ४२ येतात. आणि २८ मधून ३ काढायचे हे न सुचल्याने कितीतरी जण तिथेच बसून राहिले.

बुद्धी तीच, माणसंही तीच. आधी यश देणारी सवयच आता डोळ्यांवर आली होती. लुचिन्सनी काही गटांना पुढच्या उदाहरणांआधी कागदावर लिहायला लावलं, 'आंधळे होऊ नका'. त्याने काहींना फरक पडला.

कठीण कोडं बनवणारा माणूस नेमका हाच प्रयोग आपल्यावर करत असतो. दहा लेव्हल्समध्ये तो एक सवय लावतो आणि अकरावीत तीच सवय आडवी घालतो. आपण अडकतो ते माहिती कमी पडल्यामुळे क्वचितच. आपण काहीतरी जास्तीचं धरून बसलेलो असतो.

[दृश्य: दिवस. द्राक्षबागेच्या कडेला विहीर, पंपाची पेटी. वडील स्टार्टर उघडतायत.]

माझे बाबा पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतात. आमचा भाग तासगावचा, द्राक्षांचा. उन्हाळ्यात बागेला पाणी थांबलं की शेतकऱ्याचा फोन येतो, "मोटार जळाली, लगेच या." बाबा जातात आणि मोटारीला हातही लावत नाहीत. आधी तिन्ही फेज येतायत का बघतात. मग स्टार्टर. मग केबल. बोअरमधली मोटार वर काढायची तर चार माणसं आणि अर्धा दिवस जातो, आणि कितीदा तरी मोटार ठणठणीत असते, एक फेज गेलेली असते.

"जळाली हे त्याचं म्हणणं," बाबा म्हणतात. "मी बघितलेलं नाही."

[दृश्य: घर. संध्याकाळ. दोघं लॅपटॉपसमोर.]

चौथ्या संध्याकाळी मी त्यांना लेव्हल समजावून सांगत होते. इथून शब्द आणता येत नाही, तिथे जागा नाही, पलीकडे झेंडा आहे, आणि झेंड्यापर्यंत जायला वाटच नाही. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "झेंड्यापर्यंत जायलाच पाहिजे असं कुणी सांगितलं?"

"बाबा, झेंडा म्हणजे जिंकणं. तुम्हीच वाचा ना, 'फ्लॅग इज विन'."

"वाचतोय की. पण ते शब्द सुटे होतात म्हणालीस ना मघाशी?"

मी पडद्याकडे पाहिलं. 'विन' हा शब्द हलत होता. तो झेंड्याजवळून काढून 'बाबा इज'च्या पुढे नेला तर? मग बाबा मीच, आणि जिंकणंही बाबाच. कुठे जायचंच नव्हतं. चार दिवस ज्या झेंड्याकडे मी वाट शोधत होते, त्याची गरजच नव्हती.

ही लेव्हल कोणती, ते मी सांगणार नाही. तुमच्या वाट्याला ती येईल तेव्हा ती अख्खी तुमची असावी.

[दृश्य: वहीचं पान. पेन्सिलीने लिहिलेली वाक्यं, काहींपुढे बरोबरची खूण.]

तेव्हापासून मी एक वही ठेवली आहे. अडकले की उत्तर शोधणं थांबवते आणि मी काय काय धरून चाललेय ते लिहिते. अगदी बाळबोध वाटणाऱ्या गोष्टीसुद्धा. 'भिंत ओलांडता येत नाही.' तपासलं? हो. 'हा दगड शेवटी त्या कोपऱ्यात हवा.' तपासलं? नाही, नुसतं वाटलं. बहुतेक वेळा गाठ त्या 'नुसतं वाटलं'मध्ये असते. लिहिताना लाज वाटते ते वाक्य आधी तपासावं, असा माझा अनुभव आहे.

दुसरी सवय मला एका खूप जुन्या खेळाने लावली. 'सोकोबान' म्हणजे जपानीत गोदामाचा राखणदार. हिरोयुकी इमाबायाशी यांनी १९८१ मध्ये तो रचला आणि पुढच्या वर्षी जपानमधल्या ताकाराझुका शहरातल्या त्यांच्या 'थिंकिंग रॅबिट' कंपनीने तो विकायला आणला. खोकी ढकलून ठरलेल्या जागी न्यायची. फक्त ढकलता येतं, ओढता येत नाही. त्यामुळे नको त्या कोपऱ्यात खोकं गेलं की ते कायमचं गेलं, आणि खेळ आपल्याला ते सांगत नाही. मेलेला डाव आपण पुढे अर्धा तास खेळत राहतो.

इथे उलटं चालायचं. शेवटची मांडणी डोळ्यांसमोर आणायची आणि विचारायचं, शेवटचं खोकं जागेवर ढकलताना मी कुठे उभी असेन? त्याआधी? ढकलणं उलटं केलं की ओढणं होतं, आणि ओढत मागे जाताना पर्याय पटकन गळून पडतात. आणि चूक झाल्यावर थेट 'रीस्टार्ट' दाबू नये. एकेक चाल मागे घेत यावी, म्हणजे दार नेमकं कुठे बंद झालं ते दिसतं. मी आधी रागाने रीस्टार्ट करायचे, आणि रागाबरोबर सगळी माहितीही पुसून टाकायचे.

१९९७ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या जोसेफ कल्बरसन यांनी दाखवून दिलं की सोकोबान 'पीस्पेस-कम्प्लीट' आहे. साध्या भाषेत, कितीही मोठ्या मांडणीला लागू पडेल आणि झटकन उत्तर देईल अशी युक्ती आजवर कुणाला सापडलेली नाही, संगणकालाही नाही. हे वाचलं त्या दिवशी मला खरंच हलकं वाटलं.

[दृश्य: खिडकीबाहेर पाऊस. लॅपटॉप उघडा, खुर्ची रिकामी.]

सगळ्यात जास्त छळतं ते 'आपण जवळ आलोय का' हे न कळणं. १९८७ मध्ये जॅनेट मेटकाफ आणि डेव्हिड वीब या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना कोडी सोडवायला दिली आणि दर पंधरा सेकंदांनी विचारलं, उत्तराच्या किती जवळ आलात असं वाटतं? बीजगणिताची उदाहरणं सोडवताना ती जाणीव पायरीपायरीने वाढत गेली. पण एकदम उलगडणाऱ्या कोड्यांमध्ये ती जवळजवळ सपाट राहिली, अगदी उत्तर सुचण्याच्या थोडं आधीपर्यंत. म्हणजे 'काहीच पुढे सरकत नाहीये' ही भावना उत्तराच्या आदल्या मिनिटालाही तशीच असू शकते. रात्री एक वाजता जो निकाल मी स्वतःवर देत होते, त्याला पुरावाच नव्हता.

मग उठून जावं का? जावं, पण लेव्हल डोक्यात भरून जावं. सिओ आणि ऑर्मेरॉड या संशोधकांनी २००९ मध्ये ११७ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. कोडं मध्येच बाजूला ठेवल्याने फायदा होतो, आणि आधी जास्त वेळ त्याच्याशी झटलेल्यांना तो जास्त होतो, असं त्यांना आढळलं. दोन मिनिटं बघून उठलं तर डोक्यात मुरायला काही नसतंच.

चांगले खेळ या उठून जाण्याची सोय आत करून ठेवतात. जोनाथन ब्लो यांच्या 'द विटनेस'मध्ये, २०१६ चा खेळ तो, अख्खं बेट मोकळं आहे. एका फलकावरचं कोडं अडलं की चालत दुसरीकडे जा. 'बाबा इज यू'मध्येही पुढच्या भागात जायला मागच्या सगळ्या लेव्हल्स सुटाव्या लागत नाहीत.

[दृश्य: मोबाइलवर व्हिडिओची यादी. अंगठा वर थबकलेला.]

आणि उत्तर बघून टाकण्याचा मोह. तो मला होतो, मी बघितलीही आहेत उत्तरं. प्रत्येक वेळी तीस सेकंदांत कळतं, 'अरे, एवढंच?' आणि मग एक रितेपण येतं, कारण ती लेव्हल मला पुन्हा कधीच न बघितलेली मिळणार नसते. तरीही मदत घेणं वाईट आहे असं मी म्हणणार नाही. मदत कोणत्या मापाने मिळते, यावर सगळं आहे.

१९८० च्या दशकात अमेरिकेत 'इन्फोकॉम' ही कंपनी 'झॉर्क'सारखे नुसत्या मजकुराचे खेळ बनवायची. त्यांनी मदतीची पुस्तकं काढली, 'इन्व्हिझिक्लूज'. प्रश्न साध्या शाईत, उत्तरं अदृश्य शाईत. सोबतच्या खास पेनाने घासलं की एकेक ओळ उमटायची. पहिली ओळ नुसता इशारा, दुसरी थोडी उघड, शेवटच्या ओळीत पूर्ण उत्तर. कुठे थांबायचं ते वाचणाऱ्याच्या हातात. त्यात खोटे प्रश्नही मिसळलेले असायचे, म्हणजे नुसते प्रश्न वाचून पुढची गोष्ट फुटू नये. खेळणाऱ्याची एवढी काळजी केलेली पाहून मला त्या लोकांचं फार कौतुक वाटतं.

आमच्या घरी ते पेन नाही. बाबा आहेत. त्यांना उत्तर माहीत नसतं, म्हणून ते फक्त विचारू शकतात.

[दृश्य: दुसरा खेळ. छोटं बेट, काटा (फोर्क) घेतलेला माणूस, जाळीवर सॉसेज.]

सध्या आम्ही स्टीफन लव्हेल यांच्या 'स्टीफन्स सॉसेज रोल'वर आहोत, २०१६ चा. सॉसेज, म्हणजे मांसाची लांबट नळी, ढकलत विस्तवावर नेऊन भाजायचं. ते दोन घरं लांब असतं. त्याला दोन बाजू. म्हणजे भाजायचे चार तुकडे, प्रत्येक एकदाच. दुसऱ्यांदा विस्तवावर आला की करपला. काटा हातात असल्यामुळे नुसतं वळायलाही जागा लागते. पहिल्याच लेव्हल्सपासून हा खेळ दयामाया दाखवत नाही, आणि एका शब्दाची मदत करत नाही.

एका लेव्हलवर आम्हाला नऊ दिवस झालेत. मी ती चौकटीच्या वहीत काढली आहे. परवा बाबांनी ते पान फाडून मागितलं, घडी घालून पक्कड-टेस्टरच्या पिशवीत ठेवलं आणि मोटार बघायला गेले. संध्याकाळी परत आले तेव्हा पानावर ऑइलचा डाग होता आणि पेन्सिलीने काढलेला एक बाण.

"इथून ढकल बघू."

मी ढकललं. सॉसेज करपलं.

बाबांनी खोडरबर मागितलं.