लुई आर्मस्ट्राँग यांचे ‘ऑल स्टार्स’

पडद्यावर दिसते आहे ते न्यूयॉर्कचे टाउन हॉल. १७ मे १९४७ रोजी अमेरिकी जॅझ ट्रम्पेटवादक आणि गायक लुई आर्मस्ट्राँग येथे मोजक्या वादकांना घेऊन उभे राहिले, तेव्हा त्यांच्यामागे नेहमीचा मोठा वाद्यवृंद नव्हता. महायुद्धानंतर एवढ्या वादकांचे पगार आणि प्रवासखर्च भागवणे अवघड झाले होते. शिवाय न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या ढंगाच्या जॅझकडे श्रोते पुन्हा वळू लागले होते. मैफल गाजली, आर्मस्ट्राँग यांचा मोठा वाद्यवृंद मोडला आणि ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसच्या बिली बर्ग यांच्या क्लबात ‘ऑल स्टार्स’ हा त्यांचा छोटा संच वाजू लागला.

‘सगळेच तारे’ हे नाव जाहिरातीचे असले तरी खोटे नव्हते. ट्रॉम्बोनवर टेक्सासचे जॅक टीगार्डन होते, क्लॅरिनेटवर नामवंत वाद्यवृंदप्रमुख ड्यूक एलिंग्टन यांच्याकडे दीर्घकाळ वाजवलेले बार्नी बिगार्ड, ड्रम्सवर सिड कॅटलेट आणि गायनाला वेल्मा मिडलटन. १९४८च्या प्रारंभी पियानोवर अर्ल हाइन्स आले. आर्मस्ट्राँग यांच्यासोबत त्यांनी वीस वर्षांपूर्वी शिकागोत केलेली ध्वनिमुद्रणे तोवर दंतकथा झाली होती.

आता पुढच्या रांगेतल्या तिघांकडे पाहा. ट्रम्पेट मूळ चाल धरून ठेवतो, क्लॅरिनेट तिच्या वरच्या अंगाने वळसे घेतो आणि ट्रॉम्बोनची नळी मागेपुढे सरकत खालचे स्वर घसरत जोडते. तिघेही एकाच वेळी आपापले वाजवतात, तरी कोणी कोणाच्या वाटेत येत नाही, कारण प्रत्येकाने स्वरांचा आपला पट्टा ठरवून घेतलेला असतो. मग एकेकाची स्वतंत्र पाळी येते, तेव्हा आर्मस्ट्राँग पांढऱ्या रुमालाने घाम टिपत बाजूला होतात. दर मैफलीत तीच गाणी वाजतात, असे समीक्षक वर्षानुवर्षे म्हणत राहिले. घोटलेली बंदिश दर मैफलीत गाणाऱ्या गवयाला आपण हा दोष लावत नाही, त्यामुळे ही टीका आम्हांला उथळ वाटते.

ही चित्रफीत मे १९५६मधली, आजच्या घानातल्या आक्रा शहरातली. ट्रॉम्बोनवर आता ट्रमी यंग आहेत आणि क्लॅरिनेटवर एडमंड हॉल. विमानतळावर स्थानिक वादकांनी वाजवून स्वागत केले, तेव्हा आर्मस्ट्राँग यांनीही तिथेच ट्रम्पेट ओठांना लावला. संध्याकाळच्या श्रोत्यांत तिथले पंतप्रधान क्वामे एन्क्रुमा बसले आहेत. त्याच वर्षी लुइझियाना राज्याने काळ्या-गोऱ्या वादकांनी एकत्र वाजवण्यावर बंदी घातली, आणि मिश्र संच घेऊन फिरणारे आर्मस्ट्राँग १९६५पर्यंत याच राज्यातल्या आपल्या जन्मगावी, न्यू ऑर्लिन्सला, वाजवायला गेले नाहीत.

१९६४मध्ये हा संच मुंबईत आला आणि षण्मुखानंद सभागृहात वाजला. त्यांची शैली या शहराला अनोळखी नव्हती. ‘भारताचे लुई आर्मस्ट्राँग’ म्हणून ओळखले जाणारे, गोव्यात हळदोण्याला जन्मलेले ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट येथेच नावारूपाला आले होते आणि सी. रामचंद्र यांच्या चित्रपटसंगीतातही त्यांचा वाटा होता.

वेल्मा मिडलटन १९६१मध्ये आफ्रिकेच्या दौऱ्यावर असतानाच वारल्या, पियानोवादक बिली काइल १९६६मध्ये गेले आणि ६ जुलै १९७१ रोजी आर्मस्ट्राँग यांच्या निधनाने संच संपला.

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या आर्मस्ट्राँग यांच्या घराचे आता संग्रहालय झाले आहे. दौऱ्यांवर सोबत नेलेल्या यंत्रांवर त्यांनी ध्वनिमुद्रित केलेल्या शेकडो टेपा या संग्रहात आहेत; खोक्यांवर त्यांनी स्वतः कापून चिकटपट्टीने जोडलेली छायाचित्रे आणि कात्रणे दिसतात. या ठेव्याचे डिजिटल जतन झाले आहे.