आठव्या दिवशी ठरलेली जागा

श्रोतेहो, नमस्कार.

शाळेत मुलं काय शिकतात, असं विचारलं की आपण विषयांची यादी सांगतो. समाजशास्त्राला आणखी एका गोष्टीचं कुतूहल असतं. शिकता शिकता वर्गात एक निवडही होत असते. कोण पुढे जाणार, कोण मागे राहणार, ही निवड नेमकी केव्हा आणि कशाच्या आधारावर होते?

समाजाचा प्रत्येक भाग समाज टिकवायला हातभार लावतो असं मानणाऱ्या, म्हणजे कार्यवादी, विचारवंतांना शाळा समाजाला बांधून ठेवणारी वाटते. एमिल दुर्खीम यांच्या मते निरनिराळ्या घरांतली मुलं समान नियम आणि समान मूल्यं शाळेत आत्मसात करतात. टॅलकॉट पार्सन्स यांनी १९५९ मध्ये पुढचा मुद्दा मांडला. घरी मूल लाडकं असतं ते आपलं म्हणून, शाळेत मात्र त्याला सगळ्यांसाठी असलेली एकच मोजपट्टी लागते. समाजातली विषमता आणि सत्ता यांकडे बोट दाखवणारे संघर्षवादी नेमकी हीच मोजपट्टी तपासतात. बोल्स आणि गिंटिस यांनी १९७६ मध्ये दाखवलं, की वेळेवर येणं, वरिष्ठांचं ऐकणं, गुणांसाठी राबणं या शाळेतल्या सवयी कामाच्या ठिकाणच्या उतरंडीशी जुळतात. पिअर बोर्द्यू यांनी त्यात सांस्कृतिक भांडवलाची, म्हणजे घरातून मिळणाऱ्या भाषेच्या, सवयींच्या आणि जाणकारीच्या ठेव्याची, भर घातली. ‘सोदाहरण स्पष्ट करा’ या प्रश्नाला कसं उत्तर अपेक्षित आहे, हे शाळा क्वचितच शिकवते. घरात प्रत्येक ‘का?’ला सविस्तर उत्तर ऐकत वाढलेल्या मुलाला ते आधीच ठाऊक असतं. मग त्याला हुशार म्हटलं जातं आणि घरातून मिळालेली शिदोरी त्याची अंगची गुणवत्ता ठरते.

या दोन्ही मांडण्या मोलाच्या आहेत, पण त्या वर्गाच्या दाराशी थांबतात. आत काय घडतं ते समाजशास्त्रज्ञ रे रिस्ट यांनी पाहिलं. अमेरिकेतल्या एका शाळेतली त्यांची निरीक्षणं १९७० मध्ये प्रसिद्ध झाली. शाळा सुरू झाल्यावर आठव्याच दिवशी बालवर्गातल्या मुलांच्या कायमच्या जागा ठरल्या, तीन टेबलांवर. एकही क्षमता-चाचणी झाली नव्हती. शिक्षिकेपाशी होता प्रवेशअर्ज, घराला सरकारी मदत मिळते की नाही याची नोंद, थोरल्या भावंडांविषयी सहकाऱ्यांचं मत आणि डोळ्यांसमोर दिसणारे कपडे, बोलणं, वागणं. मुलं आणि शिक्षिका सगळी कृष्णवर्णीय होती, म्हणजे इथे फरक घरच्या परिस्थितीचा होता.

शिक्षिकेचं बहुतेक शिकवणं पहिल्या, म्हणजे बऱ्या परिस्थितीतल्या मुलांच्या, टेबलाकडे तोंड करून चाले. मागच्यांना फळ्यावरचं नीट दिसत नसे. पुढच्या इयत्तांतही गट जवळपास तेच राहिले. दुसरीत तर गट पाडायला वाचनाचे गुण हाताशी आले. सुरुवातीला जो निव्वळ अंदाज होता, तो आता कागदावरचा पुरावा झाला! मला यातलं सर्वांत गंभीर वाटतं ते हेच. दुसरीच्या शिक्षकांनी गुण पाहूनच गट पाडले, पण ते गुण आधीच्या वर्गांत मिळालेल्या ज्या वागणुकीतून आले तिची कुठे नोंदच नव्हती.

शिक्षकांनी मुलाकडून जास्त अपेक्षा ठेवली तर त्याची प्रगती वाढते का, हे तपासणारा रोझेन्थाल आणि जेकबसन यांचा १९६८चा प्रयोग याहून गाजला. त्यात परिणाम मुख्यतः पहिली-दुसरीत दिसला आणि त्याच्या मोजमापावर पुढे बरीच टीका झाली. म्हणून त्याच्यावर फार भिस्त ठेवू नये.

शिक्षकांना हे स्वतःच्या वर्गात तपासता येतं. बैठकव्यवस्थेचा एक कागद घ्या. सहकाऱ्याला मागे बसवून प्रत्येक मुलासमोर तीन खुणा करायला सांगा: प्रश्न विचारला का, उत्तरासाठी किती सेकंद थांबलात, आणि चुकल्यावर मदत केलीत की लगेच दुसऱ्याकडे वळलात. संशोधक मेरी बड रो यांना आढळलं होतं, की शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात. तीन सेकंद किंवा अधिक थांबलं, की उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागतात.

यात हमखास चूक होते ती फक्त प्रश्न मोजण्याची. प्रश्न सर्वांना सारखे मिळतात, पण एकाला ‘का?’ आणि दुसऱ्याला ‘हो की नाही?’ असं विचारलेलं असतं. म्हणून प्रश्नाचा प्रकारही टिपावा. शिवाय कुणी पाहतंय हे ठाऊक असल्यामुळे पहिल्या तासिकेला शिक्षक जास्त सावध असतात. त्या तासिकेचा कागद बाजूला ठेवून पुढच्या तीन-चार तासिकांचे कागद शेजारी शेजारी लावावेत आणि कुणाच्या नावापुढची जागा दरवेळी कोरी आहे ते पाहावं.