पंखाखालचा पेला

[पहाट. उघड्यावर उभं चार आसनी विमान. पंखांवर दव.]

टाक्या रात्रभर अर्ध्या रिकाम्या होत्या. रिकाम्या भागातल्या दमट हवेचं गारव्यानं पाणी झालं. पाणी पेट्रोलपेक्षा जड, त्यामुळे ते तळाशी बसलं. इंजिनाला इंधन जातं तेही तळाजवळूनच. टाकीच्या झाकणाचं रबरी कडं तडकलेलं असेल, तर पाऊसही आत येतो.

सेस्ना १७२ एस विमानात हे पाणी काढायला १३ तोट्या आहेत: प्रत्येक पंखाखाली ५ आणि पोटाखाली ३. पारदर्शक पेला तोटीला लावून वर दाबायचा, थोडं इंधन घ्यायचं, उजेडात धरायचं.

[पेला, अगदी जवळून.]

हंड्रेड लो लेड हे विमानाचं पेट्रोल फिकट निळं असतं. तळाशी बिनरंगी मणी लोळताना दिसला, की ते पाणी. तो दिसेनासा होईस्तोवर पेले काढत राहायचं.

खरी फसगत वेगळीच. पेल्यात सगळं पाणीच आलं, तर मणी कुठला दिसणार? सगळं कसं नितळ! म्हणून आधी पेल्यामागे पांढरा कागद धरून रंग बघायचा, वासही घ्यायचा.

ही तपासणी टाळली तरी इंजिन लगेच कुरकुरत नाही. नळीत उरलेल्या चांगल्या इंधनावर ते धावपट्टीपर्यंत छान चालतं. मग विमान नाक वर करतं, टाकीतलं पाणी सरकतं, आणि ऐन चढाईत इंजिन धापा टाकू लागतं.

धावपट्टी मागेच असते, हात आपोआप वळायला जातो. इथेच घात होतो. पंख सपाट असताना हे विमान साधारण ४८ नॉटला (ताशी ४८ सागरी मैल) स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचल तुटते. ६० अंश कललं, की उंची राखताना तोच आकडा ४१ टक्क्यांनी वाढून ६८ होतो. फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा, मिटलेले असताना अशा वेळी ठेवायचा वेग आहे ७० नॉट. हाताशी उरले जेमतेम २.

त्यामुळे आधी नाक खाली, मग समोरची मोकळी जागा. वेळ मिळाला तर मिक्स्चर (इंधन-हवेचं मिश्रण) बंद, इंधनाचा खटका बंद, मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारे) बंद, फ्लॅप गरजेनुसार, मग मास्टर स्विच (विजेचा मुख्य खटका) बंद. आणि टेकण्याआधी दाराची कडी सोडायची. चौकट वाकली, तर दार आतून उघडत नाही.