आधी काय, मग काय

(दृश्य: जूनचा दुसरा पंधरवडा. तेरणा नदीच्या काठचं एक गाव, जिल्हा परिषदेची शाळा. पाऊस एकदा येऊन गेलाय, मैदानात पाणी साचलंय. सहावीच्या वर्गात हजेरी चालू आहे.)

निवेदन :

इतिहासाचा पहिला तास. भिंतीवर ऑइलपेंटमधले नियम आहेत. शांत बसावे. हात वर करून बोलावे. गृहपाठ वेळेवर करावा. ते कोणत्या साली रंगवले, हे शाळेत आता कुणालाच सांगता येत नाही. मॅडम त्यांच्याकडे पाठ करून उभ्या राहतात आणि विचारतात, "तुमच्या आजोबांचा वाढदिवस कधी असतो?"

"एक जून."
"एक जून, मॅडम."
"आमच्याबी आजोबाचा एक जूनच."

वर्ग हसायला लागतो. हसू आम्हालाही येतं, कारण माझ्या वडिलांची तारीखही तीच. त्या काळी पोरगं शाळेत घालायला नेलं की जन्मतारीख घरात कुणाला ठाऊक नसायची. गुरुजी उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला पुरतो का ते बघायचे, पुरला की पोरगं सहा वर्षांचं. मग रजिस्टरला १ जून. अशी एक अख्खी पिढी एकाच दिवशी जन्मली आणि त्यातले नोकरीला लागलेले सगळे ३१ मे रोजी निवृत्त झाले. त्या दिवशी तालुक्याच्या कचेऱ्यांत हारांचा तुटवडा पडायचा.

मागच्या बाकावरची एक मुलगी उठते. "मॅडम, माझ्या पणजीचा एक जानेवारी हाय. आधारवर १९५८ टाकलंय. पण ती मनती, पोलीस ॲक्शन झाली तवा मी मायच्या कडेवर होते."

मॅडम फळ्यावर दोन सालं लिहितात. १९४८ आणि १९५८. "आपला भाग तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. तिथं भारताची फौज शिरली ती पोलीस ॲक्शन. १३ सप्टेंबर १९४८ ला सुरू झाली, १७ तारखेला निजाम शरण आला. मग जन्माच्या दहा वर्षं आधी पणजी कुणाच्या कडेवर बसली होती?"

वर्ग खो खो हसतो. मुलगी खाली बघते.

मॅडम थांबतात. "चुकलं माझं," म्हणतात. "हसू येईल असं मीच बोलले." आणि खडू घेऊन या वर्षाचा पहिला नियम लिहितात : कुणाच्या घरच्या माणसाला हसायचं नाही.

दुसरा नियम त्या मुलीकडूनच येतो. मॅडम विचारतात, आधार खरं की पणजी? मुलगी म्हणते, पणजी. कशावरून? तर, "आधार काढणाऱ्यानं तिला इचारलंच न्हाई. तोंडाकडं बघून टाकलं." मॅडम नुसता तो शब्द लिहितात : कशावरून? वर्षभर या वर्गात कुणी काहीही म्हणालं, मॅडम म्हणाल्या तरी, हा प्रश्न विचारायची मुभा आहे.

तिसऱ्या नियमापर्यंत गाडी बराच वेळ पोचत नाही. पोरं दोरीत अडकतात.

(दृश्य: निळी नायलॉनची दोरी, दर मीटरला एक गाठ. एक टोक झेंड्याच्या खांबाला, दुसरं मैदानापलीकडच्या लिंबाला. कॅमेरा एका गाठीवर.)

एक मीटर म्हणजे शंभर वर्षं. खांबाशी आज. तिथून लिंबाकडे मागे मागे जायचं.

आधी घरचं. मुलं चिठ्ठ्या लिहितात आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी लावतात. गावाची स्वतःची कालगणना आहेच. भूकंपाच्या आधी, भूकंपाच्या नंतर. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेची ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जन करून गावं नुकती झोपली होती. त्याच्या मागे बहात्तरचा दुष्काळ, मिलोची लाल ज्वारी, खडी फोडायची कामं. या दोन खुणांच्या मध्ये कुणाचं लग्न, कुणाची विहीर, कुणाची वाटणी, हे गावातलं कुठलंही म्हातारं माणूस बिनचूक सांगतं. सन विचारला की मात्र अडतं. आमच्या शाळेत नेमकं उलटं होतं. आम्हाला सनावळ्या तोंडपाठ होत्या आणि कशानंतर काय झालं ते विचारलं की छतातला पंखा मोजायचो. १२९६ साल बाराव्या शतकात घातल्याबद्दल मी छडी खाल्लीय. शंभरापर्यंतचं शतक पहिलं, म्हणून १२९६ तेराव्यात. एवढं एक वाक्य कुणी बोललं असतं तर हात वाचला असता.

ही दोरी ते वाक्य बोलते. मुलांचं स्वतःचं आयुष्य तिच्यावर अकरा बोटंही भरत नाही. पणजीला पाऊण मीटर लागते. मॅडम पुस्तकातल्या चिठ्ठ्या वाटतात आणि पोरं गाठी मोजत निघतात.

सातव्या गाठीच्या पुढे दोन मुलांची ढकलाढकली सुरू होते. एकाच्या हातात ज्ञानेश्वरी आहे. तिच्या शेवटी साल दिलंय, शके १२१२. शकात ७८ मिळवायचे, इसवी सन १२९०. दुसऱ्याच्या हातात अल्लाउद्दीन खिलजीची देवगिरीवरची स्वारी, १२९६. दोघांत सहा वर्षं, म्हणजे दोरीवर सहा सेंटिमीटर. चिमटा चिमट्यावर बसतो.

(दृश्य: दोन चिठ्ठ्या एकमेकींवर चढलेल्या. वाऱ्यानं वरची उलटते, खालची दिसते.)

इथं मी कॅमेरा बराच वेळ थांबवायला सांगितला. शाळेत ज्ञानेश्वर मला मराठीच्या पुस्तकात भेटले, खिलजी इतिहासाच्या. ते शेजारी असतील हे मनातही आलं नाही. ज्ञानेश्वरी ज्या रामदेवराव यादवाच्या राज्यात लिहिली गेली, त्याच रामदेवरावाच्या दारात सहा वर्षांनी खिलजीची फौज उभी राहिली. आणखी एकतीस सेंटिमीटरवर, १३२७ ला, तुघलकानं राजधानी दिल्लीहून त्याच डोंगराखाली आणली. गोरोबाकाका तर इथलेच, तेरचे, ज्ञानेश्वर-नामदेवांच्या मंडळीतले. एका पोराला वाटत होतं, ते शिवाजी महाराजांच्या नंतरचे. महाराजांचा जन्म १६३०. तो गाठी मोजतो, परत मोजतो, मग स्वतःशीच म्हणतो, "लई आधी की."

लिंबाशी पोचेपर्यंत शकाची सुरुवात येते. त्याच्या आसपास लटकते तेरची चिठ्ठी. पहिल्या शतकात एका ग्रीक लिहिणाऱ्यानं तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या व्यापाराची माहिती लिहून ठेवली. त्यात पैठण आहे, आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं मोठं शहर आहे. ते तगर म्हणजे आजचं तेर. बाजाराच्या दिवशी वडाप करून जिथं जातो ते तेर दोरीच्या पार टोकाला निघतं, याचा मुलांना विश्वास बसत नाही. एकजण विचारतोच, "कशावरून?" नियम लागू झाला.

दोरी संपते, काळ संपत नाही. अजिंठ्याची दहाव्या नंबरची लेणी इसवी सनाच्या आधीच्या दुसऱ्या शतकातली. ती चिठ्ठी धरून एक पोरगा लिंबाच्या पलीकडे, चिखलात उभा राहतो. तिथं मोजणी उलटी चालते, आकडा मोठा तेवढा काळ मागे. आणि मध्ये शून्य साल नाही, इसवी सन पूर्व १ नंतर थेट इसवी सन १. पहिल्या नंबरची लेणी मात्र पाचव्या शतकातली, कितीतरी अलीकडे. मग ती पहिली कशी? लेण्यांना नंबर दिले ते आपण वाटेनं चालत जातो त्या क्रमानं, खोदली त्या क्रमानं नाहीत. चिखलातला पोरगा ओरडून विचारतो, "मग नंबर बदलत का न्हाईत?" याचं उत्तर मॅडमनी हसण्यावारी नेलं. एवढं चालतं.

(दृश्य: पिवळं पडलेलं दाखल-खारीज रजिस्टर. पानाच्या डोक्याला साल : १३५६.)

२०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधात घराघरांतून जुने कागद बाहेर आले, तेव्हा १३५६ असले आकडे बघून पुष्कळजण चक्रावले. हा फसली सन. फसल म्हणजे पीक. महसूल पिकावर, म्हणून सालही पिकाचं. निजामाच्या राज्यात ते ऑक्टोबरात सुरू व्हायचं. त्यात ५९० किंवा ५९१ मिळवायचे, महिना बघून. १३५६ म्हणजे ऑक्टोबर १९४६ ते ऑक्टोबर १९४७. मॅडम विचारतात, याच फसली सालात देशात काय झालं?

१५ ऑगस्ट.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे पुढच्या सालात. १५ ऑगस्ट १९४७ आणि १७ सप्टेंबर १९४८ या दोन चिठ्ठ्यांत दोरीवर एका बोटाचंच अंतर आहे. मोजले तर ३९९ दिवस. झेंडा लावला म्हणून तुरुंगात टाकायचे, स्वामी रामानंद तीर्थांचा लढा, निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांनी जाळलेली गावं, संस्थानाच्या सीमेपलीकडच्या लढणाऱ्यांच्या छावण्या, हे सगळं त्या बोटात.

एक मुलगा इतका वेळ गप्प आहे. तो सांगतो, त्याच्या घरी १७ तारखेच्या आधीचं कुणी बोलत नाही, नंतरचं बोलतात. पणजोबा तेव्हाच गेले. वर्गात कुणी काही म्हणत नाही. मॅडम सांगतात की सरकारनंच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं पोलीस ॲक्शननंतरच्या हिंसाचारात मारली गेलेली मुसलमान माणसं, ते दिवस नोंदवलेत, आणि सगळ्यात जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत आपला उस्मानाबाद होता. त्या १७ सप्टेंबरच्या चिठ्ठीच्या दोन्ही बाजूंना एकेक चिमटा लावतात. आधीचा एक, नंतरचा एक. तिसरा नियम फळ्यावर येतो तो आत्ता : कुणी सांगत असेल तर मध्ये बोलायचं नाही.

पणजीवाली मुलगी अजून चिठ्ठी हातात धरून आहे. ती १९४८ च्या जरा मागे चिमटा लावते. कशावरून? "कडेवर होती म्हंजे चालत नव्हती. दीड वर्साची आसल." आधारची १९५८ ही दुसरी चिठ्ठीही लटकवायची, असं ठरतं. कोणती काढायची ते पणजीला विचारून मग.

घंटा होते. कुणी हलत नाही. मागून आवाज येतो, "मॅडम, तुमची तारीख?"

"एक जून."

"खरी?"

"नाही. माय म्हणायची, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झालीस."

"कोणत्या सालच्या पोळ्याच्या?"

मॅडम दोरीकडे बघतात. "गावात लाईट आली त्या सालच्या."

पुढच्या बाकावरचा पोरगा वही उघडतो आणि लिहून घेतो : मॅडमच्या गावात लाईट कधी आली?