कप्तानाच्या डेकवरची बाग

मंडळी, १७९१ साली ‘डिस्कव्हरी’ जहाज इंग्लंडहून निघालं, तेव्हा त्याच्या क्वार्टरडेकवर काचेची झाकणं असलेली एक भलीमोठी चौकट बसवलेली होती. क्वार्टरडेक म्हणजे कप्तानाची खास जागा. तिथे रोपांचा मांडव! अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरची झाडं जिवंत ठेवून लंडनजवळच्या क्यू बागेत आणायची होती. कप्तान जॉर्ज व्हँकुव्हरला हे पहिल्यापासूनच खुपत होतं.

चौकट सांभाळणारा होता मोहिमेवरचा वनस्पतीअभ्यासक आर्चिबाल्ड मेंझिस. आणि त्याच्या पाठीशी रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स. बँक्सनी त्याला लेखी सूचना दिल्या होत्या: काय गोळा करायचं, आणि डायरी शेवटी सरकारच्या हाती कशी द्यायची. कप्तान कसा वागेल याची धाकधूक त्यांना होतीच, पत्रात त्यांनी तसं लिहिलंही. पण खरं सांगायचं तर भांडणाची ठिणगी या पाठिंब्यातच होती. जहाजावर एकाचाच हुकूम चालतो. इथे दुसरा मालक लंडनमध्ये बसलेला. एका म्यानात दोन तलवारी!

वर्षानुवर्षं तरी निभावलं. मूळचा सर्जन आजारी पडल्यावर १७९२ पासून मेंझिसच जहाजाचा डॉक्टर झाला. स्वतः व्हँकुव्हरची प्रकृती ढासळत होती, त्याच्यावरही उपचार करायचे आणि वर त्याचीच बोलणी खायची.

स्फोट झाला १७९५ च्या जुलैमध्ये, परतीच्या वाटेवर. रोपांकडे बघणाऱ्या माणसाला कप्तानानं पहाऱ्याच्या पाळीला लावलं. चौकट उघडी राहिली, जोराचा पाऊस आला आणि कोवळी रोपं झोडपून निघाली. मेंझिस तक्रार घेऊन गेला. शब्दानं शब्द वाढला, आणि कप्तानानं त्याला उद्धटपणाच्या आरोपाखाली अटकेत टाकलं; कोर्टमार्शलची मागणीही केली. डायरी मागितली, ती मात्र मेंझिसनं दिली नाही. बँक्सच्या त्या लेखी सूचना इथे कामी आल्या.

मला व्हँकुव्हरचीही थोडी बाजू घ्यावीशी वाटते. चार वर्षांहून जास्त काळ समुद्रावर काढलेला आजारी माणूस, आणि त्याच्या हुकमातल्या माणसांवर कुणीतरी परका हक्क सांगतोय. पण पावसात झाकण ओढायला कितीसा वेळ लागतो?

इंग्लंडला पोचल्यावर मेंझिसनं माफी मागितली आणि खटला मिटला. ‘मंकी पझल’ या चिली देशातल्या झाडाची रोपं मात्र वाचली. तिथल्या मेजवानीत पुढे आलेल्या बिया त्यानं खिशात टाकल्या, असं सांगतात. ती रोपं क्यू बागेत पोचली.

पुढे बँक्स मागे लागले की व्हँकुव्हरच्या पुस्तकाआधी डायरी छापून आण. मेंझिसचं लिखाण काही पुरं होईना. व्हँकुव्हर १७९८ च्या मे महिन्यात वारला. त्याचं पुस्तक त्याच वर्षी निघालं. मेंझिस १८४२ पर्यंत जगला, पण त्याच्या हयातीत डायरी छापून आलीच नाही.